सही करण्याआधी

वसई रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या बाजूला निघालं की कारखान्यांचे गाळे सुरू होतात. कुठे लेथ चालू असतं, कुठे ग्राइंडर, तर एखाद्या गाळ्यात दिवसभर नुसते बोल्ट निघत असतात. तिथल्या कारागिराला विचारा, बोल्टची जाडी ठरल्यापेक्षा ०.६६ मिलिमीटरने कमी भरली तर चालेल का? तो तुमच्याकडे नीट पाहील आणि म्हणेल, हा माल रिजेक्ट आहे.

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाकडे निघालं. सतरा हजार फुटांवर असताना कप्तानासमोरची काच निखळून उडाली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी त्याला घट्ट धरून ठेवलं, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं. कप्तान वाचला. ती काच सत्तावीस तासांपूर्वी, रात्रपाळीत बदललेली होती. ती बसवताना लावलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट हव्या त्या मापापेक्षा ०.०२६ इंचाने, म्हणजे तेवढ्याच ०.६६ मिलिमीटरने बारीक होते. काच बसवणारा माणूस अनुभवी होता, कामाला चोख म्हणून ओळखला जाणारा होता. त्याने जुना बोल्ट हातात घेतला, अपुऱ्या उजेडात त्याच्यासारखे दिसणारे दुसरे शोधले आणि बसवले. देखभालीच्या पुस्तकात बोल्टचा नंबर बघायला दोन मिनिटं लागली असती.

ते विमान मोठं होतं आणि या पुस्तकाचा विषय छोटी विमानं आहेत. तरीही सुरुवात तिथून केली, कारण हा विषय आपल्या माणसांना परका नाही हे मला पहिल्याच पानावर सांगायचं आहे. विमानाची देखभाल हे माप, उजेड, झोप, घाई आणि प्रामाणिकपणा यांचं काम आहे. ज्याने आयुष्यात एकदा तरी मायक्रोमीटर हातात धरला आहे, त्याला या पुस्तकातलं एकही प्रकरण अवघड जाणार नाही.

मी वसईत राहून विमानांच्या हँगरमध्ये नोकरी केली. सकाळच्या लोकलने जायचं, रात्रीच्या विरार लोकलने परतायचं. नोकरीची पहिली काही वर्षं झाली होती तेव्हाची एक गोष्ट मला इथे लिहायलाच हवी, कारण हे पुस्तक खरं तर त्या रात्री सुरू झालं. एका प्रशिक्षण विमानाच्या शेपटीकडच्या भागात मी काम केलं, तपासणीसाठी उघडलेलं झाकण लावलं, कागदावर सही केली आणि निघालो. गाडीत दाराशी उभा होतो. अंधेरी गेल्यावर पिशवीत हात घातला, तर छोटी बॅटरी नव्हती. ती कुठे असेल ते मला त्याच क्षणी कळलं. शेपटीतल्या त्या पोकळीतून, विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या एलिव्हेटरच्या तारा जातात. विमान सकाळी साडेसहाला उडणार होतं, एक शिकाऊ मुलगा एकट्याने उडवणार होता.

बोरिवलीला उतरलो आणि स्टेशनबाहेरच्या पीसीओवरून फोन लावला. रात्रपाळीच्या वरिष्ठांनी एकही शब्द न बोलता ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "कुठलं झाकण?" बॅटरी तारांच्या अगदी शेजारी मिळाली. दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून हजर झालो. पाळीच्या वहीत त्यांनी माझ्या चुकीची नोंद केली होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं की, संबंधिताने स्वतः कळवलं म्हणून वेळीच सापडलं. मग ते मला म्हणाले, "तू फोन केलास त्याबद्दल तुला कुणी बोलणार नाही. केला नसतास आणि विमान सुखरूप उतरलं असतं, तरी मी तुला कधी माफ केलं नसतं." हे वाक्य मी पुढे तीस वर्षं नव्या मुलांना सांगत आलो.

आता विषयाकडे. विमान पडतं तेव्हा आपल्याला दिसतो तो शेवटचा क्षण. वैमानिकाने काय केलं, हवा कशी होती, कुठल्या वस्तीवर पडलं, हे पहिल्या दिवसाच्या बातमीत येतं. देखभालीतली चूक मात्र आधीच होऊन गेलेली असते, कधी आदल्या रात्री, कधी काही महिन्यांपूर्वी, आणि ती चूक करणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो.

११ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये ईगल लेकजवळ कॉन्टिनेंटल एक्स्प्रेसचं एम्ब्रेअर जातीचं छोटं प्रवासी विमान हवेतच मोडून पडलं. चौदाच्या चौदा जण गेले. आदल्या रात्री शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेचे स्क्रू काढले होते. काम सुरू असतानाच पाळी बदलली. डाव्या बाजूचे वरचे ४७ स्क्रू काढलेले आहेत हे पुढच्या पाळीपर्यंत कागदावर पोचलंच नाही. सकाळी विमानाने एक फेरी पुरी केली, काही झालं नाही. दुसऱ्या फेरीत ती कड उखडली. चौकशी मंडळाचे एक सदस्य जॉन लाउबर यांनी वेगळं मत नोंदवलं. एकेका कामगाराची चूक मोजून थांबू नका, असल्या चुका चालू देणारं वातावरण त्या कंपनीत वरपासून कसं तयार झालं ते पाहा, असा त्यांचा आग्रह होता. सुरक्षा-संस्कृती हा शब्द आज सगळीकडे वापरला जातो. विमान देखभालीत त्याला वजन आलं त्यात या वेगळ्या मताचा मोठा वाटा आहे.

दुसरं उदाहरण ८ जानेवारी २००३ चं, अमेरिकेतल्याच शार्लट शहरातलं. एअर मिडवेस्टचं बीचक्राफ्ट १९०० जातीचं एकोणीस आसनी विमान धावपट्टी सोडताच नाक वर करत गेलं आणि ३७ सेकंदांत जमिनीवर आपटलं. एकवीस जण गेले. दोन रात्रींपूर्वी एलिव्हेटरच्या तारांचा ताण जुळवला होता. काम करणारा त्या जातीच्या विमानावर हे काम पहिल्यांदाच करत होता. त्याने आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्या निरीक्षकाने देखभालीच्या पुस्तकातल्या काही पायऱ्या गरजेच्या नाहीत असं ठरवून वगळल्या. ज्या तपासणीत चूक हमखास पकडली गेली असती ती वगळलेल्या पायऱ्यांतच होती. नाक खाली करण्याची एलिव्हेटरची हालचाल त्यामुळे जवळजवळ निम्मी झाली. विमान त्यानंतर नऊ वेळा सुखरूप उडालं. दहाव्या वेळी ते भरगच्च होतं, वजनाचा मध्य मागे सरकला होता आणि उरलेली निम्मी हालचाल पुरली नाही. नऊ फेऱ्या नीट झाल्या म्हणजे काम नीट झालं, असं हँगरमध्ये कुणी म्हणू लागलं की मी त्याला ही तारीख सांगतो. या अपघातात मुलगी गमावलेल्या एका कुटुंबाने नुकसानभरपाईवर समाधान मानलं नाही. कंपनीने जाहीर माफी मागावी असा त्यांनी आग्रह धरला आणि २००५ मध्ये कंपनीला ती मागावी लागली.

तिसरं उदाहरण आपल्या किनारपट्टीसाठी. आपल्याकडे नायगावच्या मिठागरांच्या बाजूला राहणाऱ्याला खारं वारं काय करतं ते सांगावं लागत नाही. खिडकीचं ग्रिल चार पावसाळ्यांत पापुद्रे धरतं. जुहूचा विमानतळ समुद्राला लागूनच आहे. १९ डिसेंबर २००५ रोजी मायामीच्या किनाऱ्यावर चॉक्स ओशन एअरवेजच्या समुद्रविमानाचा उजवा पंख हवेत तुटला आणि वीस जण गेले. विमान १९४७ सालचं होतं. पंखाच्या आत भेगा वाढत होत्या आणि पंखातल्या टाकीतून इंधन पुन्हा पुन्हा झिरपत होतं. प्रत्येक वेळी गळती सीलंट लावून बुजवली गेली. गळती का होते हे शेवटपर्यंत शोधलं गेलं नाही. वसई-विरारच्या कित्येक जुन्या इमारतींत आपण हेच पाहतो. स्लॅब गळतो, वरून डांबर मारतात, आत सळई गंजत राहते. विमानाची दुरुस्ती शिकणाऱ्याने घरच्या छताकडे बघावं, त्याला हा धडा कायमचा समजेल.

छोट्या विमानांचा वेगळा विचार का करायचा, असं कुणी विचारेल. ‘छोटं’ हा शब्द मी जरा सैल वापरला आहे. दोन आसनी सेसना १५२ पासून तीसेक प्रवाशांच्या विमानापर्यंत सगळी त्यात आली, हेलिकॉप्टरंही आली. मोठ्या विमान कंपनीत नियोजन वेगळ्या माणसाकडे असतं, भांडार वेगळ्याकडे, तपासणी वेगळ्याकडे. छोट्या संस्थेत हे सगळं चार-पाच जणांत वाटलेलं असतं. सुटा भाग परदेशातून येईपर्यंत विमान उभं राहतं आणि उभ्या विमानाचं भाडं, हप्ता, विद्यार्थ्यांचे राहिलेले तास मालकाला रोज दिसत असतात. एका इंजिनाच्या विमानात इंजिन बंद पडलं तर दुसरं नसतं. त्या इंजिनात ठिणगीसाठी दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग दिलेले असतात ते याच भीतीने. पन्नास तासांची तपासणी, शंभर तासांची तपासणी, तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहणं, ही कामं कंटाळवाणी आहेत. त्या कंटाळ्यावरच शिकाऊ मुलाचा जीव टिकून असतो.

महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमानं चार दिवसांत पडली, १९ तारखेला कटफळजवळ आणि २२ तारखेला गोजुबावीजवळ. सुदैवाने कुणी दगावलं नाही. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्या संस्थेचं उड्डाण प्रशिक्षण थांबवलं. दोन अपघातांच्या मध्ये जे दिवस गेले त्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. पहिल्या अपघातानंतर प्रत्येक हँगरने स्वतःहून दारं ओढून घेतली पाहिजेत आणि आपल्याकडे काय राहिलं आहे ते तपासलं पाहिजे, असं मला वाटतं.

२८ जून २०१८ ची दुपार मुंबईला आठवत असेल. जुहूहून उडालेलं किंग एअर सी-९० जातीचं विमान घाटकोपरच्या जीवदया लेनमध्ये, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या जागी पडलं. हे विमान पूर्वी उत्तर प्रदेश सरकारकडे होतं. आधीच्या एका अपघातानंतर ते विकलं गेलं, बराच काळ जमिनीवर होतं आणि दुरुस्तीनंतर चाचणीसाठी उडालं होतं. बांधकामावरचे मजूर त्या वेळी जेवायला गेले होते म्हणून मोठा अनर्थ टळला. तरी पाच जण गेले. दोन वैमानिक, एक देखभाल अभियंता, एक तंत्रज्ञ आणि रस्त्याने जाणारा एक माणूस. या अपघाताला एकच कारण चिकटवून मी तो इथे मांडत नाही. मी तो मांडतो तो त्या दोन देखभाल कर्मचाऱ्यांसाठी. आपण दुरुस्त केलेल्या विमानात स्वतः बसण्याची तयारी हा या व्यवसायाचा सगळ्यात जुना करार आहे. हँगरमध्ये नवा मुलगा आला की मी त्याला विचारायचो, "तू आज सही केलीस त्या विमानात तुझ्या आईला बसवशील?" घाटकोपरनंतर हा प्रश्न विचारताना माझा आवाज बदलला.

इथे एक पथ्य सांगितलं पाहिजे. प्रत्येक अपघात देखभालीच्या खात्यावर टाकायचा नसतो. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून ओएनजीसीच्या तेलक्षेत्राकडे निघालेलं पवन हंसचं हेलिकॉप्टर डहाणूजवळच्या समुद्रात पडलं आणि त्यातले सातही जण गेले. तो अपघात आपल्या पालघर जिल्ह्याच्या दारातला, तरी या पुस्तकात मी त्यावर प्रकरण लिहिलेलं नाही. हवामान, वैमानिकाचा निर्णय, यंत्र, नियंत्रण कक्ष, नियम, यांपैकी कशाकशाची साखळी जुळली हे शोधण्यासाठी आपल्याकडे २०१२ पासून अपघात अन्वेषण ब्यूरो आहे. त्याच्या चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, कुणाला शिक्षा देणं हा नसतो. हे नियमातच लिहिलेलं आहे. वाचकाने ब्यूरोचे अहवाल वाचण्याची सवय लावावी. त्यातली कोरडी वाक्यं सावकाश वाचली की आपला हँगर त्यात दिसू लागतो.

१९९३ च्या सुमारास कॅनडाचे गॉर्डन ड्युपाँट यांनी देखभालीत माणूस का चुकतो याची बारा कारणं एकत्र केली. ‘डर्टी डझन’ या नावाने ती जगभरच्या हँगरमध्ये लावलेली असतात. थकवा, घाई, लक्ष विचलित होणं, अपुरं ज्ञान, अपुरी साधनं अशी ती यादी आहे. या पुस्तकाचा मधला भाग त्या बारा कारणांवर आहे. आपल्याकडे त्यातली दोन सगळ्यात घातक ठरतात, असं माझं मत आहे. एक म्हणजे ‘आपल्याकडे असंच करतात’. देखभालीचं पुस्तक एक सांगतं, हँगरची रीत दुसरी असते आणि नवा मुलगा आठवड्याभरात रीत शिकतो. दुसरं म्हणजे ‘साहेबांना कसं सांगायचं’. वयाने मोठ्या माणसाचं चुकलं तर गप्प बसणं हा आपल्या घरात संस्कार मानला जातो. हँगरमध्ये तोच संस्कार माणसं मारतो. नियंत्रणाच्या तारांचं काम झालं की दुसऱ्या माणसाने ते स्वतंत्रपणे तपासायचं असतं. तो दुसरा माणूस पहिल्याचा मान राखून न बघताच सही करत असेल, तर त्या कागदावर दोन सह्या असतात आणि तपासणी एकही झालेली नसते.

पुस्तक मराठीत का, याचंही उत्तर देतो. विमानाचं मॅन्युअल इंग्रजीत असतं आणि ते इंग्रजीतच वाचलं पाहिजे. टॉर्क, लॉकवायर, स्नॅग, लॉगबुक, रिलीज हे शब्द मी बदललेले नाहीत, कारण हँगरमध्ये तेच बोलले जातात. पण शंका येते ती आपल्या भाषेत. रात्री तीन वाजता ‘हे काहीतरी बरोबर वाटत नाही’ असं जे मनात येतं, ते मराठीत येतं. ती शंका मनातल्या मनात विरून जाऊ नये, तिला उभं राहायला शब्द मिळावेत, म्हणून हे पुस्तक मराठीत.

पुस्तक तीन भागांचं ठेवलं आहे. पहिल्या भागात विमान हँगरमध्ये येतं तिथपासून सही होऊन बाहेर पडेपर्यंत काय काय घडतं ते सांगितलं आहे. दुसऱ्या भागात चुकांची बारा कारणं आणि त्यांचे प्रत्यक्ष अपघात आहेत. तिसरा भाग मालकांसाठी, शिकवणाऱ्यांसाठी आणि वैमानिकांसाठी आहे. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारताना वैमानिकाने काय पाहावं हेही त्यात आहे.

हे सगळं लिहिताना डोळ्यांसमोर होती ती वसई, नालासोपारा, विरार, पालघरची मुलं-मुली. बारावी शास्त्र शाखेतून विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्याकडे वळणारी, पहाटेच्या गर्दीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने नोट्स वाचणारी. आपल्या मुलांना मी एवढंच सांगेन की हे कौशल्य आपल्या मातीत आधीपासून आहे. अर्नाळ्याचा किंवा पाचूबंदरचा मच्छीमार १ जूनला मासेमारी बंद झाली की होडी ओढून घेतो, फळी न् फळी ठोकून बघतो, इंजिन खोलतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहण्याआधी डागडुजी पुरी करतो. होडीत त्याचा भाऊ असतो, मुलगा असतो, म्हणून त्याच्या हातून फळी तपासायची राहत नाही. राइट बंधूंच्या पहिल्या विमानाचं इंजिन ज्यांनी बनवलं आणि पुढे सांभाळलं, त्या चार्ल्स टेलर यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. आपलंही नाव कुणाला कळणार नाही. विमान उतरतं, माणसं उतरतात, घरी जातात. आपल्या कामाचा निकाल एवढाच.

ज्यांच्याकडून मी हे काम शिकलो त्यांतले बरेच जण आज हयात नाहीत. त्या रात्री फोन उचलणारे वरिष्ठही नाहीत. पुस्तक त्यांना अर्पण केलं आहे.

वाचकहो, तुम्ही हँगरमध्ये असाल तर माझी एकच विनंती आहे. सही करण्याआधी हत्यारं मोजा. एक जरी कमी भरलं तर सही करू नका. सही करून निघाला असाल आणि गाडीत आठवलं, तर पुढच्या स्टेशनला उतरा आणि फोन करा.